जुन्या मोटरसायकलची किक : दुखणे कुठे, उपचार कोणता?

पहिल्या पाळीची वेळ जवळ आली की बोईसरच्या रस्त्यांवर दुचाक्यांची रीघ लागते. चिंचणी, वाणगाव, उमरोळी, मनोर अशा आसपासच्या गावांतून तारापूर औद्योगिक वसाहतीकडे निघालेल्या या वाहनांत नव्या गाड्यांच्या बरोबरीने वीस-पंचवीस वर्षे वापरात असलेल्या मोटरसायकलीही असतात. वडिलांनी घेतलेली आणि आता मुलगा चालवतो अशी एखादी गाडी नेमकी घाईच्या वेळी रुसते. दहा-बारा वेळा किक मारूनही इंजिन हूं की चूं करीत नाही, किंवा खाली गेलेली किक वर येण्याचे नावच घेत नाही. पाळी चुकते आणि त्या दिवसाचा खाडा पडतो.

अशी गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेली की बहुधा दोनपैकी एक वाक्य कानावर पडते. 'इंजिन खोलावे लागेल' हे पहिले आणि 'वेल्डिंग मारून देतो, काम होईल' हे दुसरे. पहिल्या उपायात खर्च मोठा, तर दुसऱ्यात आजचा खर्च वाचून उद्याचा वाढतो. वस्तुतः किक हा एकच एक भाग नसून चार-पाच भागांची साखळी आहे. ही साखळी नेमकी कोठे तुटली, हे इंजिनाला हात न लावता बाहेरूनच दहा मिनिटांत बऱ्याच अंशी ओळखता येते. दुखणे आधी ओळखावे आणि मगच पाना हाती घ्यावा, हे या दुरुस्तीचे पहिले सूत्र आहे.

पायातली ताकद इंजिनापर्यंत

पेट्रोलचे इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. पिस्टनने एकदा वायू दाबावा, प्लगने ठिणगी टाकावी आणि मग पुढचे चक्र चालू राहावे, यासाठी पहिले काही फेरे बाहेरून द्यावे लागतात. मोटरसायकलच्या आरंभीच्या काळात त्यासाठी गाडी ढकलावी लागे किंवा सायकलसारखे पायडल मारावे लागे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमध्ये आल्फ्रेड स्कॉट यांनी आपल्या मोटरसायकलींना पायाने दाबण्याची किक बसवली आणि पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली.

भारतीय रस्त्यांवरच्या जुन्या गाड्यांत किकचे निरनिराळे प्रकार आढळतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा आणि येझदी या गाड्यांत डाव्या बाजूचा एकच दांडा गियर बदलण्याचे काम करतो आणि तोच वर फिरवला की त्याची किक होते. ही कंपनी १९९६ मध्ये बंद पडली, तरी या गाड्या हौसेने सांभाळणारे आजही आहेत. बुलेटची किक उजवीकडे असून ती गियरबॉक्समधून काम करते. १९८५ ते १९९६ या काळात येथे तयार झालेल्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाडीत ती क्लचच्या कव्हरमागे दडलेली असते. १९८५ मध्येच आलेल्या हिरो होंडा सीडी १०० पासून फोर-स्ट्रोक गाड्यांचे युग सुरू झाले, तरी किक कायम राहिली. पुढे बटण दाबून गाडी सुरू करण्याची सोय सर्रास झाली आणि अलीकडच्या अनेक नव्या मोटरसायकलींवर किकच उरलेली नाही.

प्रकार निराळे असले तरी साखळी साधारण सारखीच असते. पायाखालचा दांडा एका शाफ्टवर बसलेला असतो. दांड्याच्या भोकात आणि शाफ्टच्या टोकावर बारीक उभे दाते असतात व ते एकमेकांत अडकतात. शाफ्ट इंजिनात शिरतो, तेथे त्यावर किकचा गियर असतो. शाफ्ट फिरला की हा गियर पुढच्या गियरला पकडतो आणि त्याच्यामार्फत क्रँक फिरतो. इंजिन सुरू झाल्यावर मात्र ही पकड आपोआप सुटली पाहिजे, अन्यथा धावते इंजिन किकलाच फिरवील. शेवटी एक जाड गुंडाळलेली स्प्रिंग दांडा पुन्हा वर आणते. पकडणे, सोडणे आणि परत येणे ही तीन कामे म्हणजे किक, आणि तिचे प्रत्येक दुखणे या तिन्हींपैकी एकात असते.

एक फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. बुलेटसारख्या गाडीत पायाचा जोर क्लचच्या प्लेटांमधून क्रँककडे जातो. त्यामुळे अशी गाडी न्यूट्रलमध्येच सुरू करावी लागते आणि क्लचप्लेट झिजल्या असतील तर किक धडधाकट असूनही घसरते. आरएक्स १०० मध्ये हा जोर प्लेटांना वळसा घालून क्लचच्या बाहेरच्या गियरवर थेट जातो. म्हणूनच क्लच दाबून ती कोणत्याही गियरमध्ये सुरू करता येते आणि तेथे किक घसरण्याचा दोष क्लचप्लेटांना देता येत नाही.

दहा मिनिटांची तपासणी

पहिली परीक्षा खडूची. दांडा जेथे शाफ्टवर बसतो तेथे दोहोंवरून एक सरळ रेघ ओढावी आणि किक हाताने दाबावी. रेघ तुटून दांड्याचा भाग पुढे गेला व शाफ्ट जागीच राहिला, तर दोष बाहेरचाच आहे. दांड्याचे दाते झिजले आहेत किंवा त्याचा बोल्ट ढिला आहे. इंजिन खोलण्याचे काहीच कारण नाही.

रेघ अखंड राहिली, म्हणजे शाफ्ट फिरला, तर दुसरी परीक्षा घ्यावी. मॅग्नेटवरचे कव्हर काढून किक मारताना आतले चाक फिरते का ते पाहावे. चाक फिरत असेल तर किक आपले काम करीत आहे. गाडी सुरू न होण्याचे कारण प्लग, पेट्रोल, ठिणगी किंवा गेलेले कॉम्प्रेशन यांत शोधावे. किक 'हलकी' लागते अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या गाडीत पुष्कळदा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात, प्लग सैल असतो किंवा फोर-स्ट्रोक गाडीत व्हॉल्व्ह नीट बसत नसतो. किक मात्र निर्दोष असते.

चाक फिरत नसेल तर क्लचची तार तपासावी. हँडलवरील क्लचच्या दांड्याला टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. तार ताणलेली असेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. बुलेटसारख्या गाडीत किक घसरण्याचे एवढेच कारण असू शकते आणि तार सैल करताच तक्रार दूर होते. त्यानंतर गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकून क्लच न दाबता पुढे-मागे हलवून पाहावी. मागचे चाक मुळीच हलत नसेल तर पिस्टन जाम झाल्याची शंका घ्यावी आणि किकवर जोर करू नये. ढकलून गाडी नीट सुरू होते व पळते, पण किकने होत नाही, असे आढळले तर मात्र दोष किकच्या आतल्या भागात आहे हे जवळजवळ निश्चित होते.

लक्षणावरून निदान

किक अर्ध्यापर्यंत पकडते आणि मग 'कट्' असा आवाज होऊन सुटते, तेव्हा गियरचे दाते किंवा पकडणारा खटका झिजलेला असतो. बुलेटमध्ये हा खटका म्हणजे शाफ्टमधील छोटासा तुकडा आणि त्याच्यामागची बारीक स्प्रिंग. आरएक्स १०० मध्ये खटका नसतो. तेथे किकचा गियर शाफ्टवरील तिरक्या खाचांवरून सरकत जाऊन पुढच्या गियरला भिडतो. गियर शाफ्टबरोबर नुसताच न फिरता सरकावा म्हणून त्याच्याभोवती तारेची एक क्लिप असते. ही क्लिप सैल पडली की गियर सरकत नाही आणि दांडा कोणताही विरोध न होता खाली जातो. एवढीशी क्लिप बदलण्याऐवजी सगळा शाफ्ट आणि गियर बदलला जाण्याचे प्रकार घडतात.

दांडा परत वर येत नसेल तर स्प्रिंग तुटली आहे, तिचे टोक खाचेतून निसटले आहे किंवा शाफ्ट गंजाने धरला आहे. अशी गाडी तशीच पळवणे घातक ठरते. खाली लोंबणारा दांडा वळणावर रस्त्याला टेकू शकतो आणि आतला गियर अर्धवट अडकून राहिला तर दात्यांचा भुगा होतो. घरापर्यंत पोहोचायचेच असेल तर जुन्या ट्यूबच्या पट्ट्याने दांडा वर बांधावा. इंजिन चालू असताना किकच्या बाजूने करकर ऐकू येत असेल, तर गियर सुटलेला नाही असे समजून इंजिन तत्काळ बंद करावे.

शाफ्टच्या मुळाशी तेल पाझरणे हे किनाऱ्यालगतच्या गावांतील नेहमीचे दुखणे आहे. सातपाटी, केळवे, चिंचणी येथील खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे शाफ्टच्या उघड्या भागावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. प्रत्येक किकबरोबर ते खड्डे ऑइल सीलचा रबरी ओठ कातरत राहतात. अशा वेळी नुसते सील बदलून भागत नाही. शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा आणि खड्डे खोल असतील तर तो बदलावा, नाही तर नवे सीलही फार काळ टिकत नाही.

वेल्डिंगचा मोह

दांड्याचे दाते झिजले की तो शाफ्टला वेल्ड करून टाकण्याची प्रथा सर्वत्र आहे. काम पाच मिनिटांत होते आणि पैसेही थोडे लागतात. तथापि या उपायाची किंमत पुढे मोजावी लागते. क्लचचे कव्हर काढण्यासाठी आधी किकचा दांडा काढावा लागतो. तोच वेल्ड केलेला असेल तर क्लचप्लेट बदलण्यासारख्या किरकोळ कामासाठीही दांडा कापावा लागतो आणि त्यासोबत शाफ्टचे टोक जाते. वेल्डिंगच्या उष्णतेने लगतचे रबरी सील जळते व शाफ्टच्या पोलादाचा कडकपणा कमी होतो. बॅटरीची जोडणी न काढता वेल्डिंग केल्यास विजेच्या भागांनाही धोका पोहोचतो.

यावर सरळ उपाय आहे. झिजतो तो बहुधा दांडा. शाफ्ट त्याहून कडक धातूचा असल्याने बऱ्याचदा शाबूत असतो. नवा दांडा बसवला की काम होते. बोल्ट पुरता आवळूनही दांड्याची चिरलेली खाच पूर्ण मिटलेली दिसली, तर तो दांडा आणखी घट्ट होणार नाही असे समजावे. बुलेटच्या जुन्या गाड्यांत दांडा कॉटर पिनने धरलेला असतो. तेथे आधी पिन बदलून पाहावी. ढिला दांडा तसाच वापरत राहणे हेच शाफ्टचे दाते जाण्याचे मुख्य कारण आहे, हे विसरता कामा नये.

आतले काम, क्रमवार

आतला दोष निश्चित झाल्यावरच कव्हर खोलावे. आरएक्स १०० आणि तत्सम गाड्यांत कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावावी, इंजिन थंड होऊ द्यावे, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि प्लगची टोपी काढावी. खालचा बोल्ट काढून गियरचे तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे. हे तेल पुष्कळ काही सांगते. त्यात पोलादाचे चकचकीत कण किंवा दात्याचा तुकडा सापडला तर तो कोठून आला याचा शोध लागेपर्यंत इंजिन बंद करू नये.

किकच्या दांड्याचा बोल्ट नुसता सैल न करता पूर्ण बाहेर काढावा, कारण अनेक गाड्यांत तो शाफ्टवरील खाचेतून गेलेला असतो. दांडा निघत नसेल तर गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे. हातोडीचे घाव घालू नयेत, त्याने आतल्या बाजूस इजा होते. आड येत असल्यास पाय ठेवण्याची दांडी व ब्रेकचे पायडल काढावे. टू-टी तेलाच्या पंपाची तार किंवा नळी कव्हरला जोडलेली असेल तर ती आधी सोडवावी.

कव्हरचे फुलीचे स्क्रू वर्षानुवर्षे न हलल्याने घट्ट बसलेले असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी जातात, म्हणून इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. सर्व स्क्रूंची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवावा. आखूड जागी लांब स्क्रू आवळला गेला तर इंजिनाचे आटे जातात किंवा कवच तडकते. कव्हर सोडवण्यासाठी लाकडी किंवा रबरी हातोडीने हलके ठोकावे. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्यास पडलेला ओरखडा पुढे कायम तेल गाळत राहतो.

आतील स्प्रिंग ताणलेली असते. डोळ्यांवर चष्मा ठेवून, पकडीने तिचे टोक हलकेच सोडवावे. भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घेणे आता मोबाइलमुळे सोपे झाले आहे. कोणता वायसर कोणत्या बाजूला होता, हा पुढचा वाद त्याने मिटतो. शाफ्ट बाहेर आल्यावर सर्व भाग रॉकेलने धुऊन पाहावेत. दाते टोकाशी गोल झाले आहेत का, तिरक्या खाचांवर खोल चरे आहेत का, क्लिप गियरला घट्ट धरते का, स्प्रिंगच्या टोकाशी तडा आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. एक गियर झिजला असेल तर त्याच्याशी भिडणारा दुसराही तपासावा. झिजलेल्या जोडीदाराबरोबर नवा गियर टिकत नाही. सरक्लिप एकदा काढल्या की नव्याच घालाव्यात.

जोडणी करताना स्प्रिंगला योग्य ताण देऊन तिचे टोक खाचेत बसवावे. काही गाड्यांत शाफ्टवर आणि खटक्याच्या चकतीवर ठिपक्याच्या खुणा असतात. त्या समोरासमोर आल्या पाहिजेत, नाही तर किक चुकीच्या जागी पकडते. कव्हर लावण्याआधी दांडा तात्पुरता बसवून किक आठ-दहा वेळा दाबून पाहावी. ती पकडते, सुटते आणि परत येते याची खात्री या टप्प्यावर झाली तर सगळे काम पुन्हा उलगडण्याची वेळ येत नाही. मग नवे पॅकिंग आणि नवे ऑइल सील घालावे. शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळून सील सरकवल्यास त्याचा ओठ फाटत नाही. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने तेल भरावे.

सुटे भाग आणि कागदपत्रे

जुन्या गाड्यांचे भाग मिळवताना मूळ भाग नमुना म्हणून सोबत नेणे शहाणपणाचे, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक बदल झालेले असतात. पालघर-बोईसरच्या दुकानांत न मिळालेला भाग मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधता येतो. बोईसर परिसरात लेथ आणि मिलिंगची कामे करणारे कारागीर आहेत. साधा बुश किंवा वायसर त्यांच्याकडून उत्तम करून मिळतो. गियर मात्र नुसता दाते पाडून चालत नाही. त्याचा पृष्ठभाग उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेला असावा लागतो. साध्या लोखंडाचा गियर दिसायला हुबेहूब असला तरी लवकरच झिजतो आणि त्याचा चुरा साऱ्या इंजिनात पसरतो.

किकचा शाफ्ट ज्या भोकात बसतो ते कवचच फुटले असेल, तर भंगारातून दुसऱ्या गाडीचे अर्धे इंजिन आणून बसवण्याचा सल्ला दिला जातो. येथे सावध राहावे. इंजिन क्रमांक या कवचावरच कोरलेला असतो. तो नोंदणीपत्राशी जुळला नाही तर गाडी कायद्याच्या दृष्टीने संशयास्पद ठरते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणासाठी येते, तेव्हा ही विसंगती हमखास पुढे येते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. येथील जुन्या गाड्यांवर ठाण्याची एमएच-०४ ही पाटी आहे, तर नंतरच्या अनेक गाड्या वसईच्या एमएच-४८ या क्रमांकाने नोंदलेल्या आहेत. पाटी कोणतीही असो, इंजिन बदलल्यास परिवहन कार्यालयात रीतसर नोंद करणे आवश्यक आहे. शक्य तेथे फुटलेल्या ॲल्युमिनियमच्या कवचाला जाणकाराकडून जोड देऊन मूळ क्रमांक राखणे अधिक श्रेयस्कर.

किक मारण्याचीही रीत असते

किक बिघडण्यामागे ती मारण्याची पद्धत हे मोठे कारण आहे. वरच्या टोकापासूनच पाय आपटल्यास गियर भिडण्याआधी जोर येतो आणि दाते तुटतात. दांडा आधी हलकेच दाबावा, विरोध जाणवला की मग एका दमात शेवटपर्यंत न्यावा आणि परत येताना पाय सोबत ठेवावा. दांडा सोडून दिल्यास तो अडणीवर आदळतो व स्प्रिंग लवकर तुटते.

जुन्या बुलेटमध्ये अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे न्यायचा, तो सोडायचा आणि मग पूर्ण किक मारायची, ही रीत जुने चालक कटाक्षाने पाळतात. ठिणगीची वेळ चुकली असेल तर इंजिन उलटे फिरून किक पायावर आदळते. त्यात घोटा किंवा गुडघा दुखावतोच, शिवाय आतला खटकाही मोडतो. किक वारंवार उलटी मारत असेल तर आधी टायमिंग जुळवावे. चप्पल घालून किक मारणे टाळावे. कारखान्यात जाणाऱ्यांच्या पायात सुरक्षेचे बूट असतात, ते या कामीही उपयोगी पडतात.

देखभाल मात्र अगदी थोडी लागते. महिन्यातून एकदा दांड्याचा बोल्ट आवळावा आणि दांडा जेथे दुमडतो त्या सांध्याला ग्रीस द्यावे. किनाऱ्यावर गाडी लावणाऱ्यांनी शाफ्टचे टोक गोड्या पाण्याने पुसून त्यावर तेलाचे बोट फिरवावे. आणि एखाद्या सकाळी किक घसरलीच, तर आधी खिशात खडूचा तुकडा शोधावा. गॅरेजमध्ये गेल्यावर 'किक गेली' एवढेच न सांगता 'शाफ्ट फिरतो, मॅग्नेट फिरत नाही' असे सांगता आले, तर गाडीमालकाचे पैसे वाचतात, कारागिराचा वेळ वाचतो आणि पुढच्या पाळीचा खाडाही टळतो.